थंड भट्टी पेटवताना डायॉक्सिन कसं आवरायचं: शिफ्टवाल्यांसाठी आणि शेजारच्या गावांसाठी

डायॉक्सिनचं, म्हणजे कचरा जाळल्यावर धुरात तयार होणाऱ्या जहाल विषाचं, सॅम्पलिंग करायला लॅबची टीम यायची त्या दिवशी आमची भट्टी एकदम शहाण्या पोरासारखी वागायची. चार दिवस सलग चालू, सेकंडरी चेंबर (धूर परत जाळायची मागची खोली) अकराशे डिग्रीवर टेकलेला, फीड म्हणजे जाळायचा कचरा लॅबने नीट ब्लेंड करून दिलेला, सीओ (अर्धवट जळण्याची खूण असलेला कार्बन मोनॉक्साइड) जवळपास शून्य. रिपोर्ट ०.१ च्या मर्यादेखाली यायचा आणि तो खोटा नसायचा, फक्त तो त्या सहा-आठ तासांचा असायचा. त्याच्या दहाच दिवस आधी आयडी फॅनचं (धूर चिमणीकडे ओढणाऱ्या पंख्याचं) बेअरिंग गेलं म्हणून भट्टी पूर्ण थंड करून परत पेटवलेली असायची आणि त्या रात्रीचा रिपोर्ट कोणाकडेच नसायचा.

हा लेख त्या रात्रीबद्दल आहे. घातक कचऱ्याच्या कॉमन इन्सिनरेटरवर, म्हणजे तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी असल्या ठिकाणी शिफ्टला नवीन लागलेल्या मुलांसाठी मुख्यतः, पण प्लांटच्या शेजारी राहणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही, काय विचारायचं ते कळेल. मी केमिस्ट नाही, बरीच वर्षं कंट्रोल रूममध्ये आणि फायरिंग फ्लोअरवर काढलीत त्यावरून लिहितोय. तुमच्या प्लांटची एसओपी (कामाची लेखी पद्धत) वेगळी असेल तर ती पाळा, पण का पाळतोय ते समजून पाळा.

आधी थोडं का ते

डायॉक्सिन आणि फ्युरान मिळून २१० प्रकार, त्यातले १७ खरे विषारी. त्या सतरांना प्रत्येकाच्या विषारीपणाप्रमाणे वजन देऊन एक बेरीज करतात, तिला टीईक्यू म्हणतात. आपल्याकडे २००८ साली कॉमन घातक कचरा भट्ट्यांसाठी जी मानकं आली त्यात ही बेरीज ०.१ नॅनोग्रॅम प्रति नॉर्मल घनमीटरच्या आत पाहिजे, ११ टक्के ऑक्सिजनला करेक्ट करून. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. एवढं बारीक का मोजायचं, तर त्यातल्या सगळ्यात वाईट प्रकाराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवाल्या संस्थेने १९९७ सालीच पहिल्या गटात टाकलंय, आणि माणसाच्या चरबीत एकदा बसलं की निम्मं कमी व्हायला साधारण सात वर्षं लागतात.

आता गंमत अशी की अकराशे डिग्रीला दोन सेकंद धरलं की डायॉक्सिन तुटतं. ते आगीत राहत नाही, आगीनंतर परत तयार होतं. धूर थंड होताना साधारण ४५० ते २०० डिग्रीच्या मधे, राखेच्या कणांवर, न जळलेली काजळी आणि क्लोरीन असेल आणि तांब्यासारखा धातू मदतीला असेल तर. म्हणून क्वेंचमध्ये (पाण्याचे फवारे मारून धूर थंड करतात तिथे) धूर पाचशेवरून दोनशेच्या खाली एका सेकंदाच्या आत आणायचा असतो, त्या पट्ट्यात त्याला रेंगाळू द्यायचं नाही.

स्टार्टअपला नेमकं हेच सगळं उलटं होतं. चूल पेटवताना पहिल्यांदा धूर होतो ना, तसंच. चेंबर थंड, ज्योत अर्धवट, काजळी भरपूर, धूर तासन्‌तास त्या मधल्या तापमानात घुटमळतोय, वर डक्टमध्ये मागच्या रनची क्लोराइडवाली राख चिकटलेली. म्हणजे कचऱ्याचा एक किलोही टाकलेला नसताना, नुसत्या डिझेलवर गरम करतानाही डायॉक्सिन निघतं. नवीन मुलांचा सगळ्यात मोठा गैरसमज हाच असतो की "साहेब अजून फीड कुठे चालू केलंय, आत्ता काय निघणार". निघतं बाबा, मागच्या वेळचं उधार असतं ते.

किती निघतं, एक हिशोब

हे आकडे उदाहरणादाखल घेतलेत, कुठल्या प्लांटचे नाहीत. समजा रोजच्या चालण्यात धूर तासाला २०,००० घनमीटर आणि डायॉक्सिन ०.०५, म्हणजे मर्यादेच्या निम्मं. तासाला १,००० नॅनोग्रॅम झाले, वर्षाला ७,५०० तास चाललं तर ७५ लाख नॅनोग्रॅम, म्हणजे साडेसात मिलिग्रॅम. आता एक थंड स्टार्टअप, २४ तास, धूर थोडा कमी म्हणजे १५,०००, आणि डायॉक्सिन सरासरी १० पकडा. ३६ लाख नॅनोग्रॅम. एका रात्री-दिवसात वर्षाच्या जवळपास निम्मं! आणि वर्षातून सहा वेळा भट्टी थंड पडली तर २१.६ मिलिग्रॅम, अख्ख्या वर्षाच्या नॉर्मल रनच्या जवळजवळ तिप्पट, आणि रिपोर्टात मात्र ०.०५.

१० हा आकडा मी उगाच फुगवून घेतला असं वाटेल, पण तैवानमध्ये २००७ साली कचरा भट्ट्यांवर जो अभ्यास प्रसिद्ध झाला त्यातही एका स्टार्टअपचा वाटा वर्षभराच्या नॉर्मल उत्सर्जनाच्या साधारण ६० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो असंच निघालं होतं. त्या शहरी कचऱ्याच्या भट्ट्या होत्या, पण तत्त्व तेच.

पायरी १: पेटवायच्या आधी मागून पुढे चेक करत या

सगळे बर्नरपासून चेक करायला सुरुवात करतात. तुम्ही चिमणीपासून करा. म्हणजे स्टॅक, आयडी फॅन, स्क्रबर (धूर पाण्याने धुणारा), बॅग फिल्टर (धूळ गाळणाऱ्या कापडी बॅगा), धुरातलं विष शोषणारा कार्बन आणि चुन्याचं डोसिंग, क्वेंच, आणि सगळ्यात शेवटी चेंबर आणि बर्नर. कारण साधं आहे, आग लावणं सोपं आहे, आग लागल्यावर मागचं काही तयार नसेल तर तो धूर कुठे जाणार?

क्वेंचचे नोझल काढून बघा, नुसतं प्रेशर बघून समाधान मानू नका, एक नोझल चोक असला तरी त्या बाजूने गरम धूर तसाच पुढे जातो. थर्मोकपल (तापमान मोजायची तार) दोन असतील तर दोन्ही एकमेकांशी ताडून बघा, सेकंडरी चेंबरचा थर्मोकपल खोटं बोलत असेल तर पुढचं सगळं खोटं. कार्बनच्या हॉपरमध्ये कार्बन आहे का आणि तो खरंच खाली पडतोय का, कारण पावसाळ्यात तो ओला होऊन पूल बांधतो, स्क्रू फिरत राहतो, स्क्रीनवर हिरवा दिवा आणि लाइनमध्ये काहीच नाही. पाच मिनिटं डोसिंगची पिशवी लावून वजन करा, तेवढं एक केलं तरी पुरे.

जुनी राख: डक्टची, स्प्रे ड्रायरच्या तळाची, बॉयलर असेल तर ट्यूबवरची, शटडाऊनमध्येच काढून टाका. ही राखच पुढच्या स्टार्टअपचं डायॉक्सिन आहे. काढताना मास्क, हातमोजे, अंगभर सूट, आणि झाडू नका, व्हॅक्यूम करा. ती राख परत भट्टीत टाकायची नाही, बंद पिशवीत सील करून घातक कचऱ्याच्या लँडफिलला.

पायरी २: बॅग फिल्टर आधी, आग नंतर

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण सगळा घोळ इथेच होतो.

स्टार्टअपला धूर थंड आणि ओला असतो. तो बॅगांवर गेला की पाणी सुटतं, एलडीओमधलं (लाइट डिझेल ऑइलमधलं) सल्फर असेल तर ॲसिड सुटतं, बॅगेवरच्या धुळीचा चिखल होतो आणि बॅगा चोक. एक बॅग सेट बदलायला लाखांत खर्च. मग ऑपरेटर काय करतो, बॅग फिल्टरचा बायपास डॅम्पर (धूर फिल्टर चुकवून नेणारी झडप) उघडतो, "गरम झालं की घेऊ लाइनमध्ये". आणि मग दहा-बारा तास सगळी काजळी, डायॉक्सिनसकट, सरळ चिमणीतून. मी स्वतः एका प्लांटवर नवीन असताना हे केलंय, रात्री अडीचला, सिनियरने सांगितलं म्हणून, आणि लॉगबुकमध्ये फक्त "हीटिंग चालू" एवढं लिहिलंय. सकाळी स्टॅकच्या खालच्या पत्र्यावर काळा थर होता, तो पाण्याने धुतला. आज कोणी सांगितलं तर नाही करणार.

बरोबर पद्धत अशी: बॅग फिल्टरला स्वतःचा हीटर किंवा गरम हवेचा लूप पाहिजे, आग लावायच्या आधी कम्पार्टमेंट १३०-१४० डिग्रीपर्यंत गरम करायचं. मग बॅगांवर प्रीकोट मारायचा, म्हणजे आयडी फॅन चालू ठेवून कोरडा चुना आणि ॲक्टिव्हेटेड कार्बन सोडायचा, बॅगांच्या दोन बाजूंमधला प्रेशरचा फरक थोडा वाढेपर्यंत. हा थरच पहिले काही तास तुमचं खरं फिल्टर आहे. पहिल्यांदा पल्सिंग (हवेच्या झटक्याने बॅगा झाडणं) बंद ठेवा नाहीतर केलेला प्रीकोट आपणच झटकून टाकतो (हेही झालेलं बघितलंय, ऑटो मोड काढायचा राहिला होता).

चालू असताना बॅगेचं तापमान १५० ते १८० मधे. २०० च्या वर जाऊ देऊ नका. बॅगेचं कापड त्याच्या वरही टिकतं म्हणून काही जण निवांत असतात, पण प्रश्न कापडाचा नाही, दोनशेच्या वर त्या राखेच्या थरातच डायॉक्सिन बनायला लागतं. म्हणजे फिल्टरच कारखाना होतो.

हीटर नाहीच अशी जुनी सिस्टीम असेल तर मॅनेजमेंटच्या मागे लागा, हीटरचा खर्च चोक होणाऱ्या बॅग सेटच्या खर्चाशेजारी मांडून दाखवा, पैशाच्या भाषेत सांगितलं की ऐकतात.

पायरी ३: गरम करणं, घाई नको आणि रेंगाळणंही नको

रिफ्रॅक्टरीवाल्याने (भट्टीच्या आतलं उष्णतारोधक अस्तर लावणाऱ्याने) दिलेला हीटिंग कर्व्ह भिंतीवर लावलेला असतो तो पाळा. वाळलेल्या जुन्या लायनिंगला साधारण तासाला ३० ते ५० डिग्री चालतं, नवीन किंवा दुरुस्त केलेल्याला त्याच्यापेक्षा हळू आणि मधे मधे थांबे. ४० धरलं तर तीसवरून अकराशेला जायला २७ तास होतात, म्हणजे तीन शिफ्ट उलटून चौथी सुरू. हँडओव्हर नीट करा.

इंधन फक्त स्वच्छ: डिझेल, एलडीओ किंवा गॅस. इथे पैसे वाचवायचा मोह होतो, यार्डात वेस्ट सॉल्व्हंटचे ड्रम पडलेले असतात, कॅलरी चांगली असते, कोणीतरी म्हणतंच की यावरच तापवू. नाही म्हणजे नाही. ऑइलच्या चिंध्या, लाकडी पॅलेट, तेही नाही. युरोपच्या नियमातसुद्धा असंच आहे की चेंबर ठरलेल्या तापमानाला येईपर्यंत आणि नंतर बंद करताना आत न जळलेला कचरा आहे तोपर्यंत सहाय्यक बर्नर चालूच पाहिजे, आणि तापमान नसेल तर फीड आपोआप तुटलं पाहिजे.

ज्योत बघा. पिवळी, लांब, टोकाला धूर सोडणारी असेल तर ॲटमायझिंग हवा किंवा नोझल बिघडलंय. स्क्रीनवर तापमान बरोबर चढत असेल तरी थांबवा आणि नोझल बदला, कारण ती काजळी डक्टमध्ये जाऊन बसते आणि पुढे किती तरी तास, कधी कधी दिवस, तिच्यावर डायॉक्सिन बनत राहतं. याला मेमरी इफेक्ट म्हणतात. सीओ नॉर्मल झालं की सगळं नॉर्मल झालं असं नाही ते यामुळेच. स्टार्टअप संपला असं लिहून टाकतात पण डायॉक्सिनला ते माहीत नसतं.

हीच मेमरी स्क्रबरलाही असते. आतलं प्लास्टिकचं पॅकिंग घाणेरड्या रनमध्ये डायॉक्सिन शोषून घेतं आणि नंतर स्वच्छ धूर आला की हळूहळू सोडतं.

कार्बन डोसिंग पहिल्या मिनिटापासून चालू ठेवा आणि रोजच्यापेक्षा जास्त. पूर्ण हीटिंगभर आणि फीड स्थिर झाल्यावरही निदान एक-दोन दिवस वाढवूनच ठेवा. कार्बन महाग आहे म्हणून फीडच्या वेळीच चालू करतात, म्हणजे चोर गेल्यावर कुलूप.

पायरी ४: पहिलं फीड

फीड चालू करायचं तेव्हा किल्न (कचरा पहिल्यांदा जळतो तो भाग) ८५० च्या वर, सेकंडरी चेंबर ११०० ला नुसता टेकलेला नाही तर निदान तासभर टिकलेला, ऑक्सिजन भरपूर, सीओ १०० मिलिग्रॅमच्या बरंच खाली, क्वेंचनंतरचा धूर दोनशेच्या खाली, बॅग फिल्टर लाइनमध्ये, स्क्रबरचा पीएच बरोबर. यातली एक जरी गोष्ट नसेल तर इंटरलॉक (फीड आपोआप अडवणारी यंत्रणा) फीड देणार नाही, आणि द्यायलाच नको. इंटरलॉक जम्पर करून (तार जोडून चुकवून) फीड चालू करणारा माणूस कुठल्या पदावर आहे ते बघू नका, त्याला लेखी मागा. निम्म्या वेळा तिथेच विषय संपतो.

पहिलं फीड लॅबला सांगून कमी क्लोरीनचं घ्या, निम्म्या लोडने, आणि छोट्या छोट्या चार्जने. एकदम मोठा ड्रम ढकलला की ऑक्सिजन खाली, सीओ वर, काजळी, आणि इमर्जन्सी स्टॅक उघडला तर संपलंच, सगळी सफाई यंत्रणा बाजूला टाकून धूर बाहेर. तो उघडला की वेळ, कारण, किती मिनिटं, त्या वेळी आत काय होतं, हे चार कॉलम भरायचेच.

मध्य प्रदेशातल्या पिथमपूरची गोष्ट बऱ्याच जणांना आठवत असेल. भोपाळच्या युनियन कार्बाइडचा ३३७ टन कचरा १ जानेवारी २०२५ च्या रात्री १२ कंटेनरमधून पिथमपूरच्या भट्टीकडे निघाला, त्याच्या आधी २०१५ मध्ये तिथेच दहा टनांची ट्रायल झाली होती. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये दहा-दहा टनांच्या तीन फेऱ्या, ताशी १३५, मग १८०, मग २७० किलो, आणि उरलेला जूनअखेर जाळून संपवला. आपला संबंध असा की २०११ च्या सुमारास हाच कचरा नागपूरकडे आणायचं चाललं होतं आणि महाराष्ट्राने विरोध केला. पायरी-पायरीने फीड वाढवणं हे त्यातलं बरोबर काम होतं, चुनाही मिसळत होते. पण बातम्यांमध्ये सगळीकडे ताशी किती किलो हाच आकडा. मी तिथे असतो तर विचारलं असतं की तीन फेऱ्यांमध्ये भट्टी थंड पडली की गरम ठेवली, आणि प्रत्येक वेळी चढताना कार्बन कधीपासून चालू होता.

पायरी ५: बंदच न पाडणं

खरं सांगायचं तर वरच्या चारही पायऱ्यांपेक्षा ही मोठी. चांगला स्टार्टअप म्हणजे न झालेला स्टार्टअप. कचरा संपला, एक-दोन दिवस गाडी येणार नाही, तर भट्टी थंड करू नका, बर्नर लो फायरवर ठेवून गरम स्टँडबाय करा. डिझेल जळतं, अकाउंट्सवाले ओरडतात, त्यांना २७ तासांच्या हीटिंगचं डिझेल आणि रिफ्रॅक्टरीला जाणाऱ्या भेगा यांचा हिशोब दाखवा. आयडी फॅन डीजी (डिझेल जनरेटर) बॅकअपवर घ्या, एमएसईबीची लाइट गेली म्हणून इमर्जन्सी स्टॅक उघडणं ही शरमेची गोष्ट आहे. फीडचं शेड्यूल पंधरा दिवसांचं करा, गाडी येईल तसं जाळू असं नाही.

बंद करायचंच असेल तर आधी फीड थांबवा, बर्नर चालू ठेवून किल्नमधला शेवटचा ढेकूळ जळू द्या, सेकंडरी चेंबर तोपर्यंत अकराशेलाच, कार्बन आणि बॅग फिल्टर चालूच, मग हळूहळू खाली. भूक लागली म्हणून बर्नर मारून जेवायला जाणारे बघितलेत.

पायरी ६: मोजायचं असेल तर

स्टार्टअपचं सॅम्पल घ्यायला लॅबवाले कुरकुरतात, कारण फ्लो स्थिर नसतो आणि सॅम्पलिंगचा प्रोब सारखा ॲडजस्ट करावा लागतो. तरी घ्या, निदान वर्षातून एकदा. आणि ऑक्सिजनची करेक्शन समजून घ्या, नाहीतर रिपोर्ट वाचून घाबराल किंवा उगाच खूश व्हाल. सूत्र सोपं आहे: मोजलेला आकडा गुणिले १०, भागिले (२१ वजा मोजलेला ऑक्सिजन). ११ टक्क्याला काही फरक नाही. १७ टक्के असेल तर अडीच पट, म्हणजे मोजलं ०.२ तर रिपोर्टात ०.५. २० टक्के असेल तर दहा पट. म्हणून स्टार्टअपसाठी कॉन्सन्ट्रेशनपेक्षा एकूण किती नॅनोग्रॅम बाहेर गेले तो आकडा मागा, तिथे करेक्शनची भानगड नसते.

युरोपात बऱ्याच ठिकाणी स्टॅकला कायमचा सॅम्पलर लावतात, दोन ते चार आठवडे एकच कार्ट्रिज (डायॉक्सिन पकडून ठेवणारी डबी), मग ती लॅबला. चढणं, उतरणं, ट्रिप, सगळं त्यात येतं.

गावकऱ्यांसाठी

गेटवरच्या बोर्डावर जे ऑनलाइन आकडे फिरतात त्यात डायॉक्सिन नसतं, ते तसं लाइव्ह मोजताच येत नाही. त्यामुळे बोर्ड हिरवा आहे म्हणून डायॉक्सिन नाही असा अर्थ काढू नका, लाल झाला म्हणून डायॉक्सिनच आहे असाही नको. माहितीच्या अधिकारात प्रदूषण मंडळाकडे किंवा जनसुनावणीत प्लांटकडे पाच गोष्टी मागा: वर्षात भट्टी पूर्ण थंड पडल्यावर किती वेळा पेटवली, प्रत्येक वेळी बॅग फिल्टर किती वाजता लाइनमध्ये आला, इमर्जन्सी स्टॅक आणि बायपास किती मिनिटं उघडा होता, सेकंडरी चेंबरच्या तापमानाचा मिनिटा-मिनिटाचा ट्रेंड, आणि महिन्याला किती कार्बन विकत घेतला. शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत, पण तोच सगळ्यात भारी आहे. लॉगबुक कसंही भरता येतं. कार्बनचं बिल मात्र बाहेरच्या कंपनीचं असतं, आणि चालू तासांनी भागलं की डोसिंग खरंच झालं की नाही ते दोन मिनिटांत कळतं.